दर हजारी दीड रुपया

आपल्या गावच्या बाजारपेठेतील एकमेकांना लागून असलेली दोन दुकाने डोळ्यांपुढे आणा. एक किराणा-भुसाराचे, दुसरे रंग, रोगण आणि टर्पेंटाइनचे. दोन्ही इमारती एकाच सुमारास, एकाच गवंड्याने बांधलेल्या आहेत आणि दोहोंत सारख्याच किमतीचा माल भरलेला आहे. तरीही दोघा दुकानदारांनी आगीचा विमा उतरविला तर दोघांना सारखा हप्ता पडणार नाही. रंगवाल्याला अधिक पैसे मोजावे लागतील, हे कोणीही सांगेल. परंतु त्याच्या शेजारामुळे भुसारवाल्याचाही दर चढण्याचा संभव असतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. बिचाऱ्याने स्वतः उदबत्तीखेरीज काही पेटविलेले नसते!

व्यापारी वर्गात या दराविषयी दोन समजुती आढळतात. एक अशी की, तो सरकारी करासारखा ठरीव असतो, त्यावर बोलणे व्यर्थ. दुसरी अगदी उलट. तो भाजीच्या भावासारखा असतो, घासाघीस केली की उतरतो. पहिली समजूत २००६ सालापर्यंत बरीचशी खरी होती आणि दुसरी त्यानंतर बरीचशी खरी ठरली. मात्र दोहोंतही मुख्य गोष्ट निसटून जाते. हा दर म्हणजे आपल्या दुकानाचे, कारखान्याचे किंवा वखारीचे एक मोजमाप असते. ते कसे घेतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दर कोठे खरोखर कमी करून घेता येतो आणि कोठे तो कमी झाल्यासारखा वाटून पुढे अंगाशी येतो, हे उमगते. म्हणून या खेपेस आपण त्या मोजमापाकडे वळू.

प्रथम हिशेब पाहू, कारण तो दिसतो तितका अवघड नाही. विमा कंपनी दर सांगते तो विम्याच्या रकमेच्या दर हजार रुपयांमागे. समजा, एखाद्या शहरात एकाच प्रकारची १,००० दुकाने आहेत आणि प्रत्येकाने १० लाख रुपयांचा विमा उतरविला आहे. सर्वांची मिळून रक्कम १०० कोटी झाली. मागील दहा वर्षांच्या वह्या चाळल्या असता असे आढळले की, या दुकानांतील आगींपायी एकंदर १ कोटी रुपये भरपाई द्यावी लागली. म्हणजे वर्षाला सरासरी १० लाख. १०० कोटींमागे १० लाख, अर्थात हजारी एक रुपया. हा झाला निव्वळ दर. त्यात कचेरीचा खर्च, प्रतिनिधीची दलाली, कंपनी आपल्या डोक्यावरील भार ज्या मोठ्या विमासंस्थेकडे अंशतः सोपविते तिचा वाटा, एखाद्या अवदसेच्या वर्षासाठी बाजूला ठेवावयाची शिल्लक आणि थोडासा नफा, असे सारे मिळून आणखी आठ आणे धरले तर दर हजारी दीड रुपया होतो. १० लाखांच्या दुकानाला वर्षाचे १,५०० रुपये. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या गावी हाच दर असेल असे कृपया मानू नये.

या हिशेबात एक गोम आहे, आणि ती 'एकाच प्रकारची दुकाने' या तीन शब्दांत दडलेली आहे. रंगाची, कापडाची, भांड्यांची आणि भुसाराची दुकाने एकाच पोत्यात घातली तर भांडीवाला उगाच रंगवाल्याचा भार वाहील; एक-दोन वर्षांनी तो शहाणा होईल आणि विमाच सोडून देईल. मागे उरतील ते रंगवाले, आणि मग दीड रुपयाचा दर पुरणार नाही. म्हणून दर ठरविण्याची सारी विद्या प्रथम वर्ग पाडण्याची विद्या आहे.

ही विद्या कोठून सुरू झाली ते पाहणे मनोरंजक ठरेल. लंडन शहरात २ सप्टेंबर १६६६ रोजी एका भटारखान्यातून आग भडकली आणि चार-पाच दिवसांत १३,००० हून अधिक घरे भस्मसात झाली. पुढे निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने, जो शिक्षणाने वैद्य आणि व्यवसायाने इमारती बांधणारा होता, १६८०-८१ च्या सुमारास घरांचा आगीचा विमा उतरविणारी कचेरी काढली. त्याचे दरपत्रक पोस्टकार्डावर मावले असते. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच टक्के. दोनच वर्ग, आणि एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट! परंतु आजचे शेकडो ओळींचे दरपत्रक हे त्याच दोन ओळींचे वंशज आहे.

भिंत कशाची आहे हे पाहून भागत नाही, तिच्या आत काय भरले आहे हेही पाहिले पाहिजे, हा धडा लंडनलाच १८० वर्षांनी मिळाला. टेम्स नदीच्या काठी टूली स्ट्रीटवर भक्कम विटांच्या, लोखंडी दारांच्या वखारी होत्या. त्यांत ताग, अंबाडी, कापूस, साखर, चरबी असा देशोदेशींचा माल छतापर्यंत रचलेला असे. २२ जून १८६१ रोजी तेथे आग लागली. आगीला अडविण्यासाठीच बसविलेली लोखंडी दारे त्या दिवशी उघडी राहिली होती. शहराच्या अग्निशामक दलाचा नामांकित प्रमुख जेम्स ब्रेडवुड एका कोसळत्या भिंतीखाली सापडून मरण पावला, आणि आग पूर्णपणे विझावयास सुमारे पंधरवडा लागला. विमा कंपन्यांनी नदीकाठच्या वखारींचे दर एकदम चढविले. व्यापाऱ्यांनी मोठी ओरड केली. त्या काळी लंडनचे अग्निशामक दल विमा कंपन्याच चालवीत असत. तो भार आता आपल्याला पेलवत नाही असे त्यांनी सरकारला कळविले, आणि १८६६ सालापासून ते काम सार्वजनिक दलाकडे आले. दोन वर्षांनी, १८६८ साली, कंपन्यांनी एकत्र येऊन दर ठरविणारी आपली समिती रीतसर उभी केली. पुढे अनेक देशांत आणि आपल्याकडेही जी सामाईक दरपत्रके झाली, त्यांचा वळसा या वखारींवरूनच येतो.

येथे एका शब्दाची गंमत सांगण्याचा मोह होतो. भाषांतराचे काम करणाऱ्याला तो आवरणे कठीण. मराठीत जोखीम म्हणजे धोका, तशीच जोखीम म्हणजे जवळचा मौल्यवान ऐवजही. 'जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको,' असे घरची वडील माणसे म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात दागिन्यांचा डबा असे. विम्याच्या धंद्यातील इंग्रजी बोलीतही नेमके हेच घडले आहे. धोक्याला जो शब्द, तोच विमा उतरविलेल्या इमारतीला. तपासनीस गिरणी पाहून येतो आणि 'जोखीम बरी आहे' असा शेरा लिहितो, तेव्हा तो गिरणीविषयीच बोलत असतो. आपल्या आजीला हे वाक्य समजावून सांगावे लागले नसते.

आता तपासनीस नेमके काय पाहतो? चार गोष्टी: बांधणी, वहिवाट, शेजार आणि बंदोबस्त. बांधणीविषयी फार लिहीत नाही, कारण बार्बनच्या दोन ओळींत ती बहुतेक आली. एवढेच ध्यानात ठेवावे की, लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री किंवा प्लास्टिकचे कापड यांच्या भिंती वा छप्पर असलेली इमारत आपल्याकडील दरपत्रकात 'कच्ची' गणली जाई आणि तिच्यावर जादा आकार बसे. पक्क्या दुकानामागे पावसाळ्यापुरती म्हणून जी ताडपत्रीची पडवी उभी राहते आणि मग चार पावसाळे तशीच राहते, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे.

वहिवाट, म्हणजे त्या जागेत प्रत्यक्ष काय चालते, ही सर्वांत वजनदार बाब. कचेरी, दुकान, वखार आणि कारखाना यांचे दर वेगळे. कारखान्यांतही धंद्याधंद्याचे वेगळे. सिमेंटच्या कारखान्यात जळण्यासारखे फारसे नसते, तर सूतगिरणीत कापसाची धूळ हवेतच तरंगत असते. वखारींच्या बाबतीत मालाचे वर्ग त्याच्या जात्याच घातकपणावरून पाडलेले असतात. एकाच कापसाची दोन रूपे पाहा. मोकळी रुई ठिणगीसरशी भडकते. तीच रुई यंत्राने दाबून गासडी बांधली की आत हवा नसल्यामुळे ती सहजासहजी पेट घेत नाही. मात्र एकदा आत विस्तव शिरला की तो दिवसेंदिवस धुमसत राहतो आणि विझली असे वाटणारी गासडी पुन्हा पेटते. कोळशाचे ढीग, तेलकट चिंध्या किंवा दमट गवताच्या गंजी यांना तर काडीही लागत नाही. आतल्या आत तापून त्या आपोआप पेटतात. आगीच्या सर्वसाधारण विमापत्रात अशा आपोआप पेटलेल्या मालाचे नुकसान वगळलेले असते आणि ते हवे असल्यास जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागते, हे ज्यांच्या धंद्यात असा माल आहे त्यांनी अवश्य तपासून पाहावे.

निरनिराळे माल एकत्र ठेवले की प्रश्न अधिक बिकट होतो. मिश्र साठ्यात सर्वांत घातक मालाचा दर सगळ्यालाच लावण्याची रीत आहे, आणि ती वरवर अन्यायाची वाटते. तिच्यामागचा न्याय समजावयास मुंबईकराला फार दूर जावे लागत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटक सामग्रीही होती. आग लागली ती कापसात. कापूस धुमसत राहिला, उष्णता वाढत गेली आणि सायंकाळी चारच्या सुमारास पहिला, अर्ध्या तासाने दुसरा असे दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली, गोदीलगतच्या वखारी आणि वस्त्या बेचिराख झाल्या, आग विझविण्यासाठी धावलेल्या दलाचे अनेक जवान त्यात कामी आले. नुकसानभरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. आजही दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो त्या जवानांच्या स्मरणार्थ. कापूस एकटा असता तर ती गोदीतील आणखी एक आग ठरली असती.

शेजाराची गोष्ट याच जातीची, फक्त मालक वेगळे. कलकत्त्याच्या बडाबाजार भागातील बागरी मार्केट या सहा मजली इमारतीत औषधे, खेळणी, सौंदर्यप्रसाधने अशा नाना वस्तूंची शेकडो दुकाने आणि साठे होते. १६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे तेथे आग लागली आणि तीन दिवसांहून अधिक काळ जळत राहिली. सुगंधी फवाऱ्यांचे बंद डबे उष्णतेने फुटत होते आणि आग पुढे पसरवीत होते. दुर्गापूजा तोंडावर आलेली, दुकाने मालाने खच्चून भरलेली. खेळणी विकणाऱ्याचा शेजाऱ्याच्या डब्यांशी काय संबंध? मालकीच्या दृष्टीने काहीच नाही. आगीच्या दृष्टीने दोघे एकाच घरातले. विमेकऱ्याच्या नजरेला दोन दुकाने वेगळी दिसावयाची तर त्यांच्यामध्ये तळापासून छपरापर्यंत अखंड, दार-खिडकी नसलेली पक्की भिंत असावी लागते, किंवा पुरेसे मोकळे अंतर. माळ्यावरून माळ्यावर जाता येते, एका दुकानातून दुसऱ्यात 'सोयीसाठी' दार पाडलेले आहे, अशी स्थिती असेल तर कागदावर दुकाने कितीही असोत, जोखीम एकच. प्रारंभीच्या आपल्या भुसारवाल्याचा दर का चढतो, याचे उत्तर हे आहे. त्याने आपल्या खर्चाने मधली भिंत छपरापर्यंत नेली तर ती त्याला दरवर्षी काही ना काही परत करीत राहील.

चौथी बाब बंदोबस्ताची. या बाबतीत एका अमेरिकन गिरणीमालकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. ऱ्होड आयलंड संस्थानात झकेराया ॲलन नावाच्या मालकाची कापडगिरणी होती. त्याने तिच्यात जाड तुळया घातल्या, आग पसरू नये अशी दारे बसविली, पंपाची आणि पाण्याची सोय केली. मग तो विमा कंपनीकडे गेला आणि म्हणाला, माझी गिरणी इतरांपेक्षा सुरक्षित आहे, तेव्हा माझा हप्ता कमी करा. कंपनीने नकार दिला. गिरणी म्हणजे गिरणी, सर्वांना दर एकच! तेव्हा ॲलनने १८३५ साली आपल्यासारख्या काळजीवाहू गिरणीमालकांना जमवून परस्परांचा विमा उतरविणारी मंडळी स्थापन केली. ज्यांच्या गिरण्या तपासणीला उतरतील त्यांनाच तीत प्रवेश. आगी कमी लागल्या, हप्ते उतरले आणि पुढे इतर कंपन्यांनाही तोच मार्ग धरावा लागला. छताला बसविलेल्या नळ्यांतून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन गिरण्यांत झपाट्याने पसरली, तिलाही या तपासणीचा आणि सवलतीचा मोठा आधार मिळाला.

आपल्याकडील दरांतही ही सवलत आली. हाताने चालविण्याच्या नळकांड्यांना थोडी, दाबाच्या पाण्याच्या नळांना अधिक, आपोआप फवारणाऱ्या यंत्रणेला त्याहून अधिक. अट एवढीच की, ती साधने चालू स्थितीत असली पाहिजेत आणि त्यांच्या देखभालीचा लेखी पुरावा दाखविता आला पाहिजे. भिंतीवर टांगलेल्या, मुदत उलटलेल्या तांबड्या नळकांड्याला पाहुण्यांखेरीज कोणी फसत नाही.

मग हे दर आपल्या देशात ठरवी कोण? कलकत्त्यास १८५० साली ट्रायटन ही विमा कंपनी निघाली, ती इंग्रजांची. भारतीय भांडवलाच्या कंपन्या पुढील शतकात आल्या; मुंबईत १९०७ साली इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ साली सर दोराबजी टाटा यांची न्यू इंडिया. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली दुरुस्ती होऊन दर सल्लागार समिती कायद्याने अस्तित्वात आली. १९७३ च्या प्रारंभी सर्वसाधारण विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमासंस्थांच्या चार कंपन्या बनल्या. या काळात दर समितीचे. कोणत्याही कंपनीच्या दारी गेले तरी उत्तर तेच. दुकानदाराला 'हा तर कर आहे' असे वाटे ते यामुळे.

१ जानेवारी २००७ पासून हे बंधन उठले. प्रत्येक कंपनीने आपला दर आपण ठरवावा, असे झाले. नफ्यातल्या आगीच्या विम्याकडे सर्वांचीच नजर होती. चढाओढ लागली आणि कित्येक वर्गांत दर जुन्या दरपत्रकाच्या लहानशा हिश्शावर आले. ग्राहकाला आनंद झाला, आणि का होऊ नये? परंतु वर केलेला हिशेब आठवा. निव्वळ दर हजारी एक रुपया येत असेल आणि कंपनी आठ आण्यांत विमा देत असेल, तर उरलेले आठ आणे कोठून तरी येतातच. प्रथम ते दुसऱ्या व्यवहारांतील नफ्यातून येतात, मग अटींच्या काटेकोरपणातून. अखेर २०१९ मध्ये देशाची पुनर्विमा संस्था असलेल्या जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने आठ प्रकारच्या धंद्यांपुरते असे ठरविले की, दाव्यांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून विमाविषयक माहिती गोळा करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेने काढलेल्या निव्वळ दराच्या खाली कोणी गेल्यास त्याचा भार आपण उचलणार नाही. २०२० च्या आरंभी ही यादी पुष्कळच वाढली आणि अनेक कारखानदारांचे हप्ते एकाएकी चढले. त्यांनी तक्रारी केल्या. त्या समजण्यासारख्या आहेत. पण माझ्या मते आदल्या दहा-बारा वर्षांची स्वस्ताईच अधिक विलक्षण होती.

लहान व्यावसायिकांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ठरावीक मसुद्याची दोन विमापत्रे आली आहेत. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. यांतील अटी सर्व कंपन्यांना सारख्या आहेत, दर मात्र ज्याचा त्याचा. म्हणून येथे चार ठिकाणी भाव विचारणे अगदी योग्य आहे. वस्तू एकच असेल तेव्हाच भावाची तुलना खरी.

आता जेथे बहुतेकांचे पाय घसरतात त्या जागी येऊ. हप्ता कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणून पुष्कळजण दराला हात न लावता रक्कमच कमी सांगतात. दुकानात माल २० लाखांचा, विमा १२ लाखांचा. 'सगळेच कोठे जळते?' हा युक्तिवाद. हजारी दीड रुपयाने वर्षाला १,२०० रुपये वाचले. पुढे आग लागली, वेळीच विझली, ५ लाखांचा माल गेला. दुकानदार म्हणतो, ५ लाख तर १२ लाखांच्या आतच आहेत, पूर्ण द्या. विमापत्र म्हणते, तुम्ही २० पैकी १२ हिश्शांचाच हप्ता भरला. बाकी आठ हिश्शांचे विमेकरी तुम्ही स्वतः. ५ लाखांचे २० पैकी १२ हिस्से, म्हणजे ३ लाख हाती पडतात. १,२०० रुपयांच्या बचतीपायी २ लाख गेले. वर सांगितलेल्या दोन्ही विमापत्रांत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, परंतु येथे ती ४० टक्के आहे. या कलमाला इंग्रजीत सरासरीचा वाचक शब्द वापरतात आणि काही मराठी पत्रकांत तो 'सरासरीचे कलम' असा उतरलेला दिसतो. त्यावरून दुकानदाराला काय बोध व्हावा कोण जाणे. 'प्रमाणात भरपाईचे कलम' म्हटले तर निदान धोक्याची घंटा तरी वाजेल.

दिवाळीसारख्या सणांपूर्वी कापड, भांडी, फराळाचे जिन्नस यांचा साठा दुपटीने वाढतो आणि विम्याची रक्कम मात्र वैशाखातलीच असते. बागरी मार्केटची आग पूजेच्या तोंडावर लागली होती, हे येथे पुन्हा आठवावे. अशा वाढत्या-घटत्या साठ्याकरिता वेळोवेळी साठा जाहीर करण्याची किंवा काही काळापुरती रक्कम वाढवून घेण्याची सोय असते. प्रतिनिधीला आपण होऊन विचारावे, कारण तो आठवण करून देईलच असे नाही.

दुसरी घसरगुंडी वर्णनाची. विमा उतरविताना 'कापड दुकान' लिहिले आणि मागील खोलीत फोमच्या गाद्या भरल्या. किंवा वरच्या बिऱ्हाडात गृहिणीने मेणबत्त्यांचा छोटा उद्योग सुरू केला, जो स्तुत्यच आहे, पण मेण वितळविण्याची शेगडी आली हे विमा कंपनीला कळविले नाही. तपशील दडविला किंवा चुकीचा दिला तर विमापत्र रद्द ठरू शकते, धंद्याचे स्वरूप बदलून धोका वाढला तर संरक्षण तेथेच थांबू शकते, आणि इमारत ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली तरीही तसेच, अशी कलमे आगीच्या सर्वसाधारण विमापत्रात आहेत. कळविल्यास फार तर थोडा हप्ता वाढतो. एका पानाचे पत्र, पोच घेऊन द्यावे. राष्ट्रीयीकृत कंपनी असो वा खाजगी, तोंडी सांगितलेले कोणाच्याही वहीत राहत नाही.

दावा करण्याची पाळी आलीच तर पाहणी करावयास येणारा सर्वेक्षक पहिला प्रश्न विचारतो तो मालाच्या नोंदीचा. दुकानात किती माल होता, तो केव्हा, कोणाकडून आला? आगीत मालाआधी जळतात ते कागद. म्हणून साठ्याच्या नोंदवहीची प्रत, खरेदीची बिले आणि विमापत्राची प्रत दुकानात न ठेवता घरी ठेवावी. ज्यांचे दुकान खाली आणि बिऱ्हाड त्याच इमारतीत वर आहे, त्यांनी ती दुसऱ्या आळीतील नातलगाकडे किंवा हिशेबनिसाकडे द्यावी, आणि दर महिन्याच्या अखेरीस बदलून घ्यावी.